ज्याच्या त्याच्या दारासमोरचा बांध

भाविकहो, खाडीकाठच्या खारवेली गावात हसाजीबाबा राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. आपल्या बेने इस्राएल यहुदी मंडळींचंच गाव. खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधालगत घरांची रांग, घरोघरी तेलाचा घाणा, मागे भातशेती. एका उधाणात बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं आणि सारं गाव देशोधडीला लागलं. सात वर्षांनी बाबांनी घरोघर हिंडून एकेकाला परत आणलं. पण अवसेचं उधाण पंधरा दिवसांवर, आणि बांध तसाच पडलेला! पुन्हा पाणी शिरलं तर पुन्हा बोचकी बांधायची.

बाबा तीन दिवस एकटेच बांधावरून फिरले, फुटलेली जागा न् जागा पाहिली. मग सगळ्यांना बोलावून म्हणाले, "बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या आपल्या वाडवडिलांनी यरुशलेमचा कोट कसा उभारला? त्यात सोनार होते, अत्तरवाले होते, सगळे गवंडी थोडेच होते! ज्याचं घर जिथं, त्यानं तिथला तुकडा बांधला. आपणही तसंच करू."

मिलकाबाईच्या वाट्याला बारा हात बांध आला. बाई विधवा, घाण्यावर पोट भरणारी. तिच्या शेजारचा तुकडा रावजीशेटचा. गावात कौलारू घर काय ते त्याचंच, आणि तोराही तेवढाच. तो म्हणाला, "बाबा, बाईमाणसाच्या हातचा बांध? अहो, खेकडा चढला तरी ढासळेल!"

माणसं हसली. मिलकाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, "मिलके, तू चिखल कालव. टोपली मी वाहतो." आणि खरोखरच धोतर खोचून चिखलात उतरले की! जेवायला बसले तेही तिच्या ओटीवर. तिच्या घरची पेज प्यायले, वर म्हणाले, "आणखी घाल गं."

खारबांधाला चिकणमाती लागते, पेंढा लागतो, आणि थरावर थर पायांनी तुडवावा लागतो. रावजीशेट म्हणाला, "मी चिखलात उतरू? चारचौघांत शोभेल का ते?" त्यानं गडी लावले. गड्यांनी आत वाळू ओतली, बाहेरून दगड रचले, चार दिवसांत मोकळे. शेट बघायलासुद्धा फिरकला नाही.

शुक्रवारी सूर्य कलला तेव्हा मिलकाबाईचा बांध अजून वीतभर कमी होता. उधाण दुसऱ्याच दिवशी दुपारी! "बाबा, चार टोपल्या टाकू द्या," ती काकुळतीला आली.

"शब्बाथ लागतोय, बाई, उद्या सूर्य मावळेपर्यंत काम नाही," बाबा म्हणाले. "आपल्या हातांचं काम झालं. आता ज्याचं पाणी, त्या देवावर सोड."

तिनं शब्बाथचा दिवा लावला खरा, पण जीव टांगणीलाच होता.

शनिवारी दुपारी खाडी चढू लागली. सारा गाव बांधावर. पाणी मिलकाबाईच्या बांधाच्या काठाला टेकलं. "बघा, बुडवलं की नाही बाईनं गावाला!" असं म्हणत रावजीशेट स्वतःच्या बांधावर ऐटीत उभा राहिला. तेवढ्यात त्याच्या पायाखालची वाळू सरकली, दगड सुटले आणि शेट छातीपर्यंत चिखलात रुतला!

"जीव वाचवायला शब्बाथ आड येत नाही!" बाबा ओरडले. सगळ्यांत आधी उडी घेतली ती मिलकाबाईनं. तिनं पदर फेकून शेटला धरलं. मग एकेक जण उतरला, हातात हात गुंफून माणसांनी ते खिंडार बुजवलं. बाबा त्यांच्या मधोमध उभे राहून शेमाची प्रार्थना म्हणू लागले.

आणि काय सांगावं! खाडीचं पाणी बांधापेक्षा चार बोटं वर चढलं, माणसांच्या खांद्यांशी येऊन थबकलं, पण थेंबभर आत सांडलं नाही. ना खिंडारातून, ना मिलकाबाईच्या कमी पडलेल्या काठावरून. ओहोटी लागेपर्यंत पाणी तसंच उभं होतं. मिलकाबाईनं मागे वळून पाहिलं. मागचं शेत कोरडं होतं. ती हमसून हमसून रडली.

रावजीशेट चिखलानं माखलेला, बाबांच्या पाया पडायला आला. बाबांनी त्याला मध्येच धरलं. "अरे, माझ्यापुढे कसला वाकतोस? वाकायचं तर देवापुढे वाक, नाहीतर कामाला वाक."

शेट मिलकाबाईकडे वळला. "वहिनी," एवढंच म्हणाला आणि मान खाली घातली.

शब्बाथ सरताच गावानं खिंडारात पेंढा-चिखल कोंबून रात्र निभावली. रविवारी पहाटे मिलकाबाई दार उघडते तो काय! रावजीशेट धोतर खोचून, कमरेत वाकून तिच्या बांधावर चिखल थापत होता. स्वतःचं खिंडार त्यानं अजून हाती घेतलं नव्हतं.