हैबतीच्या कमरेचं पिस्तूल

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात हैबती नावाचा एक भोळा राहत होता. भोळा म्हणजे इतका, की सांगितलेलं सगळं करायचा. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. अशा माणसाला काय सांगावं, याचा विचार सांगणाऱ्याने करायचा असतो. पण गाव पडलं शहाणं. शहाण्यांना एवढी सवड कुठली?

हैबतीच्या घरी त्याची आई आणि धाकटी बहीण सगुणा. सगुणाचं लग्न काढायचं होतं. पण घाटात दरोडेखोर माजले होते. लग्नघर दिसलं की धाड घालत. शेजारच्या गावात तर नवरीच्या अंगावरचे दागिने भर मांडवात उतरवून नेले होते, आणि ते लग्न मोडलं ते मोडलंच. सगुणाच्या जिवाला तोच घोर लागून राहिला होता. आपलं लग्न धड पार पडावं, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

तेवढ्यात सरकारचा नवा हुकूम आला. घरटी एका माणसाने कमरेला पिस्तूल बाळगावं, सदऱ्याखाली लपवून. ते चालवायला शिकण्याची सक्ती नाही.

हुकूम गावाला फार आवडला. त्यातही शेवटचं वाक्य जास्त आवडलं. चावडीत पाटील मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "शिकवणी कशाला? मर्दाला शिकवायचं म्हंजी त्येचा अपमानच की!"

आता हेच गाव जत्रेच्या लेझमीत नवख्या माणसाला महिनाभर उभंसुद्धा करत नसे. आधी तालीम, मग रांगेत जागा. गुळाच्या कढईजवळ तर हंगामभर नुसता जाळ घालायचा, काकवीला हात लावायचा नाही. कारण चुकलं तर भाजतं.

सगुणा घागर घेऊन चावडीवरून चालली होती. ती थांबली. "पाटीलकाका, लेझमाला म्हैनाभर तालीम घेता. मग ह्येला का नगं?"

"पोरी, लेझमाला ताल लागतो. ह्येला काय लागतंय?"

सगळी चावडी हसली. सगुणा हसली नाही.

हैबती तालुक्याला कचेरीत गेला. कारकुनाने त्याच्या हातात पिस्तूल ठेवलं, वाण्याने पुडी द्यावी तसं.

"कमरेला खोच. वरून सदरा सोड. कुणाला कळता कामा नये."

"सायेब, चालवायचं कसं?"

"चाप ओढायचा, झालं. चला, पुढे कोण आहे?"

एवढं शिक्षण घेऊन हैबती गावात परतला. वेशीत पाटील भेटले. त्यांनी सहज विचारलं, "काय रं हैबती, कुठनं आलास?"

हैबतीला कारकुनाचं बोलणं आठवलं. कुणाला कळता कामा नये. तो म्हणाला, "कुठनंबी न्हाई. आन माझ्या कमरंला काय बी न्हाई. उजव्या बाजूला तर मुळीच न्हाई."

असंच त्याने कुंभाराला सांगितलं, गुरवाला सांगितलं, पाणवठ्यावरच्या बायांनाही सांगितलं. घरी येऊन त्याने पिस्तूल ज्वारीच्या कणगीत खोल खुपसून ठेवलं. इतकं खोल, की कुणालाच कळू नये. आठ दिवसांत त्यालाही कळेना.

मग एका दुपारी दारातली शेळी एक परका माणूस सोडून नेऊ लागला. हैबती कणगीत उतरला. डोक्यापर्यंत ज्वारीत बुडाला आणि आतून ओरडला, "जरा दम धर गड्या, सापडंनाय!" तो गडी काही दम धरणारा नव्हता. शेळी गेली. ज्वारी अंगणभर झाली.

आईने कपाळावर हात मारला. "आरं माझ्या कर्मा! असली वस्तू हाताशी ठिवावी. लागंल तवा चटकन म्होरं करता आली पायजे."

"आसं व्हय? आता कळलं," हैबती म्हणाला आणि सांडलेल्या ज्वारीतून पिस्तूल शोधून त्याने कमरेला खोचलं.

पुढच्या आठवड्यात सगुणाची सुपारी फोडायला व्याही आले, मानाजीराव. नवरा मुलगा आला नव्हता, तशी त्यांच्याकडे रीत नव्हती. अंगणात घोंगड्या अंथरल्या. बोलणी झाली, देणंघेणं ठरलं, दोन्हीकडचे लोक खूश. पाटलांनी पाटावर सुपारी मांडली आणि म्हणाले, "हं, फोडायला काय तरी द्या की."

अडकित्ता सापडेना. आई घरात धावली. सगुणा दाराआडून बघत होती. तिला दिसलं, की दादाचा हात कमरेकडे चालला आहे. ती "दादा, नगं!" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. हाताशी असलेली वस्तू हैबतीने चटकन पुढे केली आणि पिस्तुलाच्या मुठीने सुपारीवर ठोका घातला.

सुपारी फुटली. पिस्तूलही उडालं. गोळी मानाजीरावांच्या पागोट्यातून इकडून तिकडे गेली. बिचारे बराच वेळ डोकं चाचपत बसले, जागेवर आहे का म्हणून.

खरं तर ते उठून जायचे. पण सुपारी फुटली होती, आणि फुटलेल्या सुपारीवरून उठायला त्यांची छाती झाली नाही. ते एवढंच म्हणाले, "आरं बाबा, आसलं हत्यार काडायच्या आदी मोठ्यांदा सांगावं. बाजूला व्हा म्हनावं. समोर मानूस आसतंय!"

"आसं व्हय? आता कळलं."

तिथल्या तिथे सगुणाने पाटलांपुढे हात जोडले. "काका, दादाला कुनीतरी नीट शिकवा. न्हाईतर ते काडून तरी घ्या."

पाटील म्हणाले, "आता व्याह्यांनी शिकवलं की! आनी किती शिकवायचं?"

या गावाची शिकवण्याची रीतच तशी होती. आधी बार उडू द्यायचा, मग एक वाक्य शिकवायचं.

लग्नाचा बस्ता बांधायला हैबती आईबरोबर बाजाराला गेला. सगुणासाठी हिरवागार शालू घेतला, जरीकाठी. हैबती तो बगलेत मारून उभा होता. गर्दीतून एक भुरटा आला, शालू ओढून घेतला आणि निघाला.

हैबतीने पिस्तूल बाहेर काढलं. मग त्याला मानाजीरावांचं बोलणं आठवलं. तो मोठ्यांदा ओरडला, "ओ पावनं! शालूवालं! बाजूला व्हा, मी चाप वढतोय!"

भुरटा थांबला. वळून त्याने पिस्तूल बघितलं. "बरं झालं सांगितलंसा," तो म्हणाला आणि बाजूला झाला. बाजूला गल्ली होती.

हैबतीने समोर कुणी नाही ना ते बघून चाप ओढला. हलवायाच्या जिलेबीची परात उलटी झाली. सगुणाला आता आईच्या जुन्या लुगड्यातच बोहल्यावर चढावं लागणार होतं. त्या दिवशी ती चुलीपुढे बसून रडली. धुराने डोळ्यांत पाणी आलं असं आई शेजारणीला सांगत होती, पण चूल पेटवलेलीच नव्हती.

पाटलांना हे कळलं तेव्हा ते खवळले. "चोराला कुनी वर्दी देतंय व्हय, खुळ्या? आता नीट ध्यानात ठेव. दरोडेखोर कसा वळखायचा? घोड्यावर बसून येतो. हातात पातं आसतंय. तोंड झाकल्यालं आसतंय. मागं मानसं आसत्यात, दंगा करत येत्यात. आसा कोन दिसला की इचारत बसायचं न्हाई. आदी बार, मग बोलनं!"

"घोडा, पातं, तोंड झाकल्यालं, दंगा," हैबतीने घोकलं. "आता कळलं."

आणि पाटलांनी, लग्नाच्या दिवशी बंदोबस्त चोख असावा म्हणून, त्यालाच वेशीवर उभं केलं.

गोरज मुहूर्त होता. सूर्य डोंगराआड चालला होता. मांडवात सगुणा हळद माखून, मुंडावळ्या बांधून बसली होती. भटजी घटिकापात्राकडे बघत होते, दोघांनी अंतरपाट धरून ठेवला होता. तेवढ्यात घाटातून वऱ्हाड उतरलं.

पुढे घोडा. घोड्यावर एक जवान. त्याच्या हातात कट्यार, तिच्या टोकाला लिंबू. तोंडावर शेवंतीच्या मुंडावळ्या, अशा दाट की नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता. मागे पन्नास-साठ माणसं, ताशे बडवत, आरोळ्या ठोकत.

घोडा, पातं, झाकलेलं तोंड, दंगा. हैबतीने विचारलं नाही. कुणाला वर्दीही दिली नाही. चाप ओढला.

कुणाच्या अंगाला लागलं नाही, कारण हैबतीने नवरदेवावर नेम धरला होता. ताशा फुटला. घोडा उधळला आणि नवरदेवाला घेऊन आल्या वाटेने घाटात पळाला. त्याच्यामागे मानाजीराव पळाले, पागोटं काखोटीला मारून. त्यांच्यामागे सगळं वऱ्हाड.

हैबती छाती काढून मांडवात आला. "आये, पळवलं दरोडेखोर! सगुणा वाचली! आन म्होरक्या किती लबाड, तोंड लपवायला फुलं बांधून आलता!"

आईने टाहो फोडला. पाटील धावत आले आणि त्याच्या खांद्याला धरून गदागदा हलवत ओरडले, "आरं गाढवा! त्यो दरोडेखोर नव्हता, नवरा हुता नवरा! घोड्यावर बसून, पातं घिऊन, तोंड झाकून येतो त्यो नवरा आसतोय! त्येला हात जोडायचं, मानानं मांडवात आनायचं, मागंल ते द्यायचं! जा, आत्ताच्या आत्ता घिऊन ये त्येला!"

हैबतीला फार वाईट वाटलं. आपल्या हातून केवढी चूक झाली! डोळे पुसत तो म्हणाला, "आता कळलं," आणि घाटाकडे धावला.

घाटातल्या वळणावर घोडा उभा होता. घोड्यावर माणूस. हातात लखलखतं पातं. तोंडाला काळं फडकं गच्च आवळलेलं, फक्त डोळे दिसत होते. मागे माणसं.

हैबतीने हात जोडले. "दाजी, चुकलं माजं. चला, मुहूर्त टळतोय."

घोड्यावरच्या माणसाने आपल्या साथीदारांकडे बघितलं. असं त्याला आजवर कुणी बोललं नव्हतं. "कुठं चलू?"

"मांडवात. समदी तुमचीच वाट बगत्यात."

"काय काय हाय मांडवात?"

"काय न्हाई ते इचारा. दागिनं, भांडीकुंडी, आहेर. समदं तुमचंच."

"आन हत्यारं?"

"घरटी एक हाय, पाटलांकडंबी. पन कुनी कदी काडत न्हाई. आन ह्ये माझं." हैबतीने पिस्तूल काढून दोन्ही हातांनी पुढे धरलं. "ह्ये तुमाला. जावयाचा मान."

मग त्याने घोड्याचा लगाम धरला आणि वाजंत्री पळाली होती म्हणून तोंडानेच पिपाणी वाजवत वरात गावात आणली.

वरात मांडवात शिरली. आहेराची भांडी पोत्यात भरली जाऊ लागली. बायका किंचाळल्या. पाटलांनी धीर करून कमरेला हात घातला. पण त्यांचं पिस्तूल करगोट्यात असं अडकलं होतं की ओढावं तसं धोतरच सुटू लागलं. शेवटी एका दरोडेखोराने त्यांना गाठ सोडून दिली आणि पिस्तूल घेऊन गेला.

म्होरक्या सगुणापुढे येऊन उभा राहिला. तिच्या गळ्यातली माळ ओढली, हातातल्या पाटल्या काढल्या.

"दादा!" सगुणा ओरडली. "आरं, ह्यो दरोडेखोर हाय!"

हैबती समजुतीने म्हणाला, "सगुणे, मगाशी मी तेच म्हनलो, तर समदी माझ्याच अंगावर आलासा. आता गप बस. उजव्या कानातली बुगडी ऱ्हायली बग, ती दे."

एवढ्यात त्याला आठवलं, की नवरीच्या भावाचाही एक मान असतो. तो मागून गेला आणि म्होरक्याचा कान धरून चांगला पिळला. म्होरक्या कळवळला. पिस्तूल त्याच्या हातातून पडता पडता राहिलं.

"कानपिळी, दाजी," हैबती हसत म्हणाला. "मेव्हन्याला कायतरी द्यावं लागतंय."

म्होरक्याने बरीच घरं लुटली होती, पण असं घर त्याने पाहिलं नव्हतं. त्याने पाटलांच्या डोक्यावरचं पागोटं काढलं आणि हैबतीच्या डोक्यावर ठेवलं. मग घाईघाईने पोती मांडवापुढच्या बैलगाडीत टाकायला लावली, हैबतीनेही हात लावला, आणि सगळे घाटाच्या वाटेला लागले.

मांडवात अंतरपाट तसाच धरलेला होता. त्याच्या एका बाजूला सगुणा, अंगावर ना दागिना, डोळ्यांत ना पाणी. दुसऱ्या बाजूला कुणीच नव्हतं. पाटील उघड्या डोक्याने धोतर सावरत खाली बघत होते. या खेपेला त्यांना शिकवायला एकही वाक्य सुचेना.

हैबतीने एकदा सगुणाकडे बघितलं, एकदा लांब जाणाऱ्या गाडीकडे. त्याच्या काळजात चर्र झालं. एवढी मोठी गोष्ट कुणाच्याच कशी ध्यानात आली नाही? त्याने सगुणाचा हात धरून तिला उठवलं आणि तिला ओढत, पागोटं सावरत, गाडीमागे धावत सुटला.

"ओ दाजी! थांबा की ओ! समदं न्हेलंसा, नवरीच ऱ्हायली!"