माळाची आग आणि ठरलेला दिवस

फार पूर्वी एका अफाट माळाच्या कडेला गुराख्यांचं एक गाव होतं. माळावर झाडं थोडी आणि गवत माणसाच्या छातीइतकं. उन्हाळ्यात हे गवत पेटलं, तर सगळा माळ एका दुपारात जळून जाई. म्हणून पाऊस सरला, की गवत अर्धवट ओलं असतानाच त्याचे थोडे थोडे पट्टे मुद्दाम जाळून ठेवत. मग उन्हाळ्यातली आग त्या काळ्या पट्ट्यांपाशी येऊन थांबे.

हे काम सुभाना नावाच्या म्हाताऱ्याकडे होतं. त्याच्या बापाने त्याला सांगितलं होतं, "त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आग लावायची." चाळीस वर्षं सुभानाने तो दिवस चुकवला नव्हता. त्याची आग दुपारभर हळूहळू सरपटे आणि संध्याकाळी दव पडलं, की आपोआप विझे.

पण अलीकडे पाऊस लवकर परतू लागला होता. त्या वर्षी तर भाद्रपदातच आभाळ कोरडं झालं.

सुभानाची सून हौसा रोज माळावर गवत कापायला जाई. त्रिपुरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाव जमलं, तेव्हा ती पुढे आली.

"मामंजी, आज आग लावू नका. दव पडायचं थांबून पंधरा दिवस झाले. गवत हातात धरलं की मोडतंय. यंदा वेळ टळली. आपण सगळे मिळून विळ्यांनी पट्टे कापू."

"इतके पट्टे कापायला महिना जाईल," कुणीतरी म्हणालं.

"जाऊ दे की. गुरं तर वाचतील."

सुभानाने खाली वाकून गवताची एक काडी मोडली. ती कट्कन तुटली. त्याच्या मनात पाल चुकचुकली. पण सगळं गाव बघत होतं, आणि कालच्या सुनेने चारचौघांत शिकवावं, हे त्याला लागलं.

"माझ्या बापाने दिवस सांगितलाय. तुला विचारून नाही सांगितला," तो म्हणाला आणि त्याने आग लावली.

दुपारी वारा सुटला. आग सरपटली नाही, धावली. ओढा कोरडा होता. तो तिने एका उडीत ओलांडला. पलीकडे काट्यांच्या कुंपणात गावाची वासरं कोंडलेली होती. हौसा सगळ्यांच्या आधी तिथे पोचली. तिने पेटलेल्या काटेरी फांद्या दोन्ही हातांनी ओढून वाट केली. बरीच वासरं निसटली. नऊ आतच राहिली.

संध्याकाळ झाली, दव पडलं नाही. आग तीन दिवस चालली आणि वर्षाचा चारा राख झाला. सहा घरं गुरं घेऊन दूरच्या मुलखात निघून गेली. हौसाचे हात बरे झाले, पण बोटं आखडली. विळा तिला पुन्हा धरता आला नाही.

सुभाना तिला घास भरवताना म्हणाला, "पोरी, काडी मोडली तेव्हाच मला कळलं होतं."

हौसाने घास घेतला.

पुढच्या वर्षी गाव म्हणू लागलं, "आता आगच नको."

सुभाना म्हणाला, "आगीची चूक नव्हती, माझी होती. यंदा हौसा सांगेल तेव्हाच लावू."

हौसाने सांगितलं ते नवरात्रात, त्रिपुरीच्या कितीतरी आधी. आग सरपटत गेली आणि संध्याकाळी दवात विझली. उन्हाळ्यात माळ पेटला, पण गाव वाचलं.

"बाबा, यंदा साधलंत!" शेजारी म्हणाला.

सुभाना गेलेल्या सहा घरांच्या ओस अंगणांकडे बघत होता.

"गेल्या वर्षीच साधलं असतं," तो म्हणाला. "सांगणारी घरातच होती."

तात्पर्य: वाडवडिलांनी दिवस ठरवला तो ऋतू पाहून. ऋतू बदलला, तर दिवस धरून बसू नये. ज्याला बदल दिसला त्याचं वेळेवर ऐकावं.