माहेरचे अंजीर

पूर्वी गोदावरीकाठच्या पोतन नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कुंभाराच्या घरी जन्मला होता. चाकावर त्याचा हात चांगला होताच, पण त्याचे नाव होते ते हवा ओळखण्यासाठी. सकाळी अंगणात उभा राहून तो आज मडकी सुकतील की नाही ते सांगे, आणि ते सहसा चुकत नसे.

या गोष्टीत धावपळ मात्र सगळी राजाच्या बागेतल्या पिंगल माळ्याची आहे. राजमाता होती गांधार देशची. लग्नाला चाळीस वर्षे झाली तरी माहेरच्या अंगणातल्या अंजिराची चव तिच्या जिभेवरून गेली नव्हती. म्हणून राजाने व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर तिथले एक रोप आणवले. ते पाहून तो हरखून म्हणाला, "हा आईच्या माहेरचा पाहुणा. याच्या पाहुणचारात काही कमी पडता कामा नये."

पोतनात राजाच्या पाहुण्याचा मान ठरलेला असे. रोज घागरींवर घागरी ओतून स्नान, उन्हाळ्यात चहूबाजूंनी वाळ्याचे ओले पडदे, थंडीत शेगड्या. ते सगळे त्या झाडाला मिळू लागले. पाहुणा बिचारा बोलत नव्हता, म्हणून त्याला काय हवे ते कोणी विचारलेही नाही.

झाड वाढले, फळांवरही आले. पण फळ गोड होण्याआधीच तडके आणि आंबून जाई. अशी तीन वर्षे गेली. चौथ्या हिवाळ्यात राजमातेने अंथरूण धरले, तेव्हा राजाने पिंगलला बोलावून सांगितले, "वैशाखी पौर्णिमेपर्यंत पिकलेले एक तरी अंजीर आईच्या हाती पडले नाही, तर तू हे नगर सोडायचेस." पिंगलचा आजा याच बागेत राबला होता. नगर सोडून जायचे कुठे, हे त्या गरिबाला सुचेना.

चैत्र लागला. झाडावर तेवीस फळे धरली होती. पिंगलच्या पायाला भिंगरी लागली. तो विहिरीवरून झाडाकडे धावे, पडदे भिजवी, पाने धुई, फळे पुन्हा मोजी. फळे फुगू लागली तशी त्याची भूकच पळाली. आणि एका सकाळी पहिले फळ तडकलेले दिसले.

त्याच वेळी बोधिसत्त्व नव्या घागरी घेऊन आला. पडद्याआड पाऊल टाकताच तो थबकला.

"पिंगला, इथे माझ्या अंगावरचा घाम सुकत नाही रे."

"थंडावा आहे ना काका. राजाचा पाहुणा आहे तो."

घरी जाऊन बोधिसत्त्वाने दोन कच्ची मडकी आणली. एक पडद्याआड ठेवले, दुसरे बाहेर कुंपणाच्या सावलीत. दुसऱ्या दिवशी बाहेरचे टणक झाले होते. आतल्यात पिंगलचे बोट रुतले.

"जिथे माझे मडके सुकत नाही, तिथे तुझे अंजीर गोड कसे होईल?" बोधिसत्त्व म्हणाला. "मी तांड्यातल्या माणसांना विचारून आलोय. त्यांच्याकडे दिवसा कडक ऊन, वारा कोरडा. थंडीत हे झाड पाने टाकून झोपी जाते. तुम्ही शेगड्या पेटवून त्याला झोपसुद्धा घेऊ दिली नाहीत. निदान आता तरी हे पडदे काढ."

राजाज्ञा मोडावी लागणार होती, तरी पिंगलने पडदे उतरवले. नेमका तेव्हाच राजा बागेत आला आणि संतापला. "आईच्या माहेरच्या पाहुण्याला उन्हात उभे केलेस?"

बोधिसत्त्वाने दोन्ही मडकी राजापुढे ठेवली. "महाराज, हात लावून पाहा. याला ऊन द्या, कोरडा वारा द्या. पाणी आठवड्यातून एकदा, तेही मुळाशी. फळ पिकले नाही तर पिंगलबरोबर मीही नगर सोडीन."

राजाने मडकी चाचपली. मग विचारले, "या घागरी कोण पुरवतो?"

"मीच, महाराज. माझे घर त्यावरच चालते."

"आणि त्या बंद करायला तूच सांगतोस?"

"पाणी पाजावे म्हणून मी घागरी घडवतो, महाराज. कोणाला बुडवण्यासाठी नाही."

राजा पडद्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "घेऊन जा हे."

पुढचे दिवस पिंगलने कसे काढले ते त्याचे त्यालाच ठाऊक. पाणी घालायला त्याचे हात शिवशिवत, म्हणून तो ते पाठीमागे बांधून झाडाभोवती फिरे. पडद्याआड भिजलेली आणखी चार फळे तडकली. मग तडकणे थांबले. हिरवी फळे जांभळी होऊ लागली. पौर्णिमेच्या सकाळी एक फळ देठाशी वाकलेले दिसले. त्याच्या बुडाशी मधासारखा थेंब होता.

पिंगलने ते पानावर घेतले आणि धावत सुटला. द्वारपाल हाका मारत राहिले, तो थांबला नाही. थेट राजमातेच्या हातावर त्याने फळ ठेवले.

तिने एक घास खाल्ला. डोळे मिटले. मग ती हसली आणि राजाला म्हणाली, "अगदी तेच रे. आमच्या अंगणात तर याला पाणीसुद्धा कोणी घालत नव्हतं."

"मग आई, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"मला कोणी विचारलं होतं?"

ही कथा भगवंतांनी जेतवन विहारात सांगितली, ती आजारी सोबत्याला दर घटकेला उठवून पेज पाजणाऱ्या भद्दक भिक्खूला. ते पुढे म्हणाले, "भद्दका, तेव्हाचा पिंगल तूच होतास. सुबाहू राजा म्हणजे तुला पेजेसाठी तांदूळ आणून देणारा उपासक. राजमाता म्हणजे तो आजारी भिक्खू, ज्याला तू अजून काही विचारलेले नाहीस. आणि कुंभार मीच होतो." करुणेला वाट दाखवणारी प्रज्ञा ती ही, आधी विचारणारी. भद्दकाने पेजेचे भांडे खाली ठेवले आणि तो सोबत्याला विचारायला गेला.