उंबराईच्या राहिलेल्या ओटीची कहाणी

ऐक उंबराई, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका, चुळबूळ करू नका. आटपाटातलंच म्हणा एक नगर, तिथं एक कासार राहत होता. नाव त्याचं हैबती. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याचं ऐकून घेणं त्याला ठाऊकच नव्हतं. त्याची बायको अनसाई. त्यांना एक लेक, ठकू. ठकू पाच वर्षांची झाली तरी बोलेना.

मग अनसाईनं काय केलं? उंबराईला नवस बोलली. "आई, माझ्या लेकीला वाचा दे. तुझ्या गावी येईन, खणानारळानं ओटी भरीन. वेशीत पाय टाकल्यापासून ओटी भरीपर्यंत अन्नाला शिवणार नाही." देवीनं ऐकलं. ठकू बोलू लागली. इतकी बोलू लागली की शेजारणी कानांवर हात ठेवू लागल्या. अनसाईला मात्र ऐकून पुरे होईना.

मग गाडी जुंपली, तिघं उंबराईच्या गावी गेली, धर्मशाळेत उतरली. तिथली रीत अशी, की नवसाची ओटी सकाळीच भरायची, नि नवराबायकोनं जोडीनं भरायची. ऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर आलं की दार लागायचं, ते दुसऱ्या दिवशी उघडायचं.

पहिल्या दिवशी अनसाई उठली, न्हाली. ताट लावलं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, हिरव्या बांगड्या. म्हणाली, "अहो, चला." हैबती म्हणाला, "अगं, इथं जवळच ऊन पाण्याचं कुंड आहे. आधी तिथं जाऊ. देवी काय कुठं पळून जातेय?" जवळ कसलं, चांगलं दोन कोस. हा पाण्यात बसला तो म्हशीसारखा उठेचना. परत आली तों दार लागलेलं. पायरीवर एक म्हातारी गुरवीण वाती वळत बसली होती. म्हणाली, "बाई, ओटी राहिली का?" "राहिली, मावशी." "बरं, उद्या ये." हैबतीनं पिठलंभात हाणला, ढेकर दिली. अनसाई उपाशी राहिली. नि सांजेला ठकूची जीभ अडखळू लागली.

दुसऱ्या दिवशी अनसाई उठली, न्हाली, ताट लावलं. म्हणाली, "अहो, चला." हैबती म्हणाला, "अगं, किल्ला बघून येऊ. एवढे आलोय ते काय नुसती देवी बघायला?" आता मला सांगा, दुसरं कशाला आला होता हा? मग ताट हातात घेऊनच किल्ला चढली. वर ऊन लागलं, ह्याला तहान लागली. ह्यानं काय केलं? ताटातला नारळ उचलला, बुरुजावर फोडला, पाणी पिऊन टाकलं. "अहो, तो ओटीचा होता." "मग दुसरा घे की, त्यात काय एवढं." अनसाईनं कपाळाला हात लावला. खाली आली तों दार लागलेलं. "बाई, ओटी राहिली का?" "राहिली, मावशी." "बरं, उद्या ये." अनसाईनं दुसरा नारळ आणला, पदराखाली झाकून ठेवला. त्या सांजेला ठकू फक्त "आई" एवढंच म्हणू शकली.

तिसऱ्या दिवशी अनसाई उठली, न्हाली, ताट लावलं. भुकेनं डोळ्यांपुढं अंधारी येत होती. म्हणाली, "अहो, पोरीची वाचा चाललीय. आता तरी चला." हैबती म्हणाला, "चाललोच आहोत. वाटेत हाकेचा कडा तेवढा बघू. हाक मारली की तीनदा परत येते म्हणतात. तो न बघता गेलो तर गावात तोंड कसं दाखवू?" नि गाडी कड्याकडं वळवली. अनसाईनं लेकीकडं बघितलं. ठकूनं तोंड उघडलं, ओठ हलवले. आवाज आला नाही.

मग मात्र अनसाईचं डोकं फिरलं. "गाडी थांबवा," म्हणाली. "अगं, घटकाभराचं काम." "तीन दिवस तुमच्या घटकाच मोजतेय मी. तुम्ही खुशाल हाका मारा. माझी लेक मला हाक मारीनाशी झालीय, तुम्हाला त्याचं काहीच नाही." उतरली. एका हातात ताट, एका हातात ठकू, उपाशी पोटी चालत निघाली.

देवळात पोचली तों ऊन उंबऱ्यापासून बोटभर उरलेलं. गुरवीण म्हणाली, "बाई, जोडीनं लागते ना ओटी? जोड कुठंय?" अनसाईनं ठकूला पुढं केलं. "ही माझी जोड. नवस हिच्यासाठी, बोलले मी, उपाशी मी. चालत असेल तर घ्या. नाहीतर ही मी इथंच बसते, लावा दार." गुरवीण म्हणाली, "चालतंय की. जोडीची रीत मी कुठं सांगितली होती?"

मग अनसाईनं ओटी भरली. ठकूनं तांदूळ वाहिले. नि म्हणाली, "आई, मला भूक लागली." अनसाई तिला पोटाशी धरून रडली.

तिकडं काय झालं? हैबती कड्यावर उभा राहिला. एकदा हाक मारली, आवाज निघेना. दोनदा मारली, निघेना. तिसऱ्यांदा घसा ताणला, काही नाही. घाबरला, गाडी पिटाळत देवळात आला. अनसाई नुकती प्रसादाच्या पानावर बसली होती. हा गळ्याला हात लावून खुणा करू लागला.

गुरवीण म्हणाली, "बाई, ह्याची वाचा देऊ का परत?" अनसाईनं नवऱ्याकडं बघितलं. मग पानाकडं बघितलं. म्हणाली, "द्या, माझाच माणूस आहे. पण आधी माझं जेवण होऊ द्या."

मग ती सावकाश जेवली. वरणभात जेवली, पुरणपोळी जेवली, वर ताक प्याली. तोवर ठकू बापाच्या मांडीवर बसून तीन दिवसांचं साठलेलं सगळं बोलली. ह्याला मधे तोंड घालता येईना, म्हणून जन्मात पहिल्यांदा सगळं ऐकलं. ऐकता ऐकता मान खाली गेली. अनसाईचा हात पानावर थांबला, तशी ह्याला वाचा फुटली. पहिला शब्द काय बोलला? म्हणाला, "आणखी काय वाढू?" वळून बघतात तों गुरवीण नाही, पायरीवर वाती तेवढ्या.

उंबराई, जशी ठकूला वाचा दिलीस, हैबतीला कान दिलेस, अनसाईला पोटभर निवांत जेवण दिलंस, तसं आम्हां सगळ्यांना दे. कहाणी होती साठ उत्तरांची, पण तुमचीही पानं वाढलेली आहेत, म्हणून पाचांतच पुरी केली. सुफळ होवो.