नऊशे चाळीस वेळा घेतलेलं नाव

"मग याला चोरी नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं सर?"

डॉक्टर इंगवले उभ्याउभ्याच बोलत होते. खुर्ची दिली होती, बसले नाहीत.

मुजावर सर स्टुलावर बसून बुटांवर कापडी खोळ चढवत होते. वय चौऱ्याहत्तर. आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात भूल द्यायला अजून दर बुधवारी येतात. इंगवल्यांना भूल द्यायला त्यांनीच शिकवलं, इथंच, वीस वर्षांमागं.

मी ऑपरेशन थिएटरची आया. बाजूला गॉजच्या घड्या घालत होते. मला कुणी बाहेर जा म्हटलं नाही. आयाला कान असतात हे डॉक्टर लोकांच्या ध्यानात नसतं.

इंगवले आता शहरातल्या मोठ्या कॉलेजात प्राध्यापक. एकशे बारा निबंध छापलेत म्हणे. त्यातला एक फार गाजला. जगभरच्या नऊशे चाळीस जणांनी आपापल्या लिखाणात इंगवल्यांचं नाव घेऊन त्याचा दाखला दिला. त्याला सायटेशन म्हणतात. हा आकडा त्यांनी चहा येईपर्यंत तीनदा सांगितला.

"चहा घे," सर म्हणाले. "का त्यालाही संदर्भ जोडायचा?"

इंगवले हसले नाहीत.

झालं होतं असं. परराज्यातल्या कुणा डॉक्टरनं पुस्तक लिहिलं. इंगवल्यांची पद्धत त्यात जशीच्या तशी घातली आणि वर आपलं नाव लावलं. इंगवल्यांनी तक्रार केली. चौकशी समिती म्हणाली, पद्धत मुळात तुमचीच कशावरून, साक्षीदार द्या. साक्षीदार एकच, मुजावर सर. उद्या दुपारपर्यंत त्यांचं पत्र पोचलं नाही तर तक्रार निकालात, आणि तिच्याबरोबर यंदाचा मोठा पुरस्कारही गेला.

पद्धत साधी. दोन औषधं दिसायला सारखी, पाण्यासारखी. एकानं पेशंट सावरतो, दुसऱ्यानं त्याचा श्वास थांबतो. म्हणून सिरिंज भरली की औषधाचं नाव मोठ्यानं बोलायचं. दुसऱ्या माणसानं आपल्या डोळ्यांनी लेबल बघून तेच नाव परत बोलायचं. मगच टोचायचं.

सरांनी चष्मा लावला, निबंध मागितला. अकरा पानं. ओळीवर बोट ठेवून सगळी वाचली. तोवर इंगवले खिडकीशी गेले, परत आले, मोबाइल बघितला, परत खिडकीशी गेले.

"शेवटी बेचाळीस नावं आहेत."

"ते संदर्भ सर. ज्यांचं ज्यांचं काही घेतलं, त्यांची नावं द्यावीच लागतात. मी एकही सोडलेलं नाही."

"एकही नाही?"

"तुमचंसुद्धा आहे. आभारात."

"बघितलं..."

सरांनी पानं सारखी केली, टाचणी लावली.

"त्या पुस्तकात तुझं नाव नाही दिसलं तेव्हा दुखलं का रे?"

"जेवण गोड लागत नाही सर. तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही कधी लिहिलंच नाहीत."

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मला मात्र राग आला. हातातली घडी मोडली, परत घातली.

तेवढ्यात पेशंट आली. हौसाबाई, हर्नियाची. टेबलावर पडल्या पडल्या तिनं दुखेल का म्हणून तीनदा विचारलं. सरांनी तिला सांगितलं, झोपेत नवऱ्याला शिव्या दिल्यास तरी आम्ही ऐकल्या नाहीत म्हणू. ती हसली. मग सर इंगवल्यांकडं वळले आणि म्हणाले की आज त्यांचा हात कापतोय, भूल इंगवल्यांनीच द्यावी.

हात अजिबात कापत नव्हता. मी बघत होते.

इंगवल्यांनी कपडे बदलले, हात धुतले. ॲम्प्युल फोडली, सिरिंज भरली, लेबल लावलं. मोठ्यानं बोलले, "ॲट्रोपिन."

आणि थांबले.

सिरिंज सलाइनच्या नळीशी, मान डावीकडं वळलेली. डावीकडं ऑक्सिजनचा सिलिंडर आणि भिंत, मध्ये एका माणसापुरती जागा. तिथं कुणी नव्हतं. मी तर ट्रे घेऊन उजवीकडं उभी.

ती जागा दुर्पतामावशीची. माझ्याआधीची आया, चौथी शिकलेली. इंग्रजी येत नव्हतं, पण लेबलावरच्या अक्षरांचे आकार पाठ होते. इंगवले शिकाऊ असताना एका बाळंतिणीला भलतंच औषध टोचायला निघाले. मावशीनं मनगट धरलं. हे ते न्हाई, एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिनं नियमच केला. मोठ्यानं बोलल्याशिवाय ती कुणाला टोचू देईना. सर्जन चिडले, सिस्टर चिडल्या, सरांनाही तिनं सोडलं नाही. ते बोलायचे, ती वाकून लेबल बघायची, परत बोलायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

सिरिंज अजून नळीशीच होती.

"ॲट्रोपिन," लेबल बघून मीच म्हटलं.

इंगवले दचकले. मग टोचलं. पुढची औषधंही तशीच दिली, बोलून, थांबून. हौसाबाई झोपली. तासाभरात ऑपरेशन झालं, ती जागी झाली, आणि शिव्या दिल्या का म्हणून पहिलं तेच विचारलं.

बाहेर येऊन इंगवल्यांनी बॅगेतून पत्र काढलं. टाइप करूनच आणलं होतं. सदर पद्धत डॉ. विश्वजित इंगवले यांनीच सर्वप्रथम सुरू केली, याचा मी साक्षीदार आहे. खाली सहीपुरती जागा. दोन वाजता निघायला हवं, वाटेत रस्त्याचं काम चाललंय, असं ते दोनदा म्हणाले.

सरांनी पत्र वाचलं. पेनाचं टोपण काढलं. पेन कागदावर टेकवलं... आणि वर बघितलं.

"सही करतो, विश्वजित. फक्त एवढं सांग, मघाशी औषधाचं नाव बोललास आणि भिंतीकडं बघत थांबलास... ते कुणासाठी?"