पिंजऱ्यातली खडाव

एकदा एका नदीकाठच्या पाठशाळेत एक पोपट आठ महिन्यांसाठी राहायला आला. गावातला एक व्यापारी सहकुटुंब दूरच्या बंदरावर निघाला होता. पोपट त्याच्या मुलीचा. एवढ्या प्रवासात पक्ष्याचे हाल होतील म्हणून त्याने पिंजरा आचार्यांसमोर आणून ठेवला. मुलगी डोळे पुसत म्हणाली, "याचं नाव पोवळ्या. चोच पोवळ्यासारखी लाल आहे ना, म्हणून. आम्ही येऊ तेव्हा असाच परत द्या हं."

"असाच देऊ," आचार्य म्हणाले, आणि पिंजरा त्यांनी आपल्या सर्वांत जुन्या शिष्याच्या हाती दिला.

हा शिष्य अकरा वर्षे तिथे शिकत होता. तिशी ओलांडलेला, पाठांतर चोख, अक्षर मोत्यासारखे, स्वभाव हळवा. आचार्यांनंतर त्यांच्या आसनावर हाच बसणार, असे सगळे धरून चालले होते. त्या पाठशाळेत एक रीत होती. गुरूने काहीही सांगितले की शिष्याने हात जोडून "आज्ञा" म्हणायचे. ही रीत कोणी घातली ते कोणाला आठवत नव्हते, पण शिष्याने ती इतकी मनोभावे पाळली होती की कोणी नुसते "पाणी हवंय का?" विचारले तरी त्याच्या तोंडून आधी "आज्ञा" निघे.

पिंजरा घेतानाही तो तेच म्हणाला, आणि पोवळ्यावर त्याचा जीव जडला.

पोवळ्या मात्र फार खोडकर निघाला. पहिल्याच महिन्यात त्याने लाकडी पिंजऱ्याचे दोन गज कुरतडून बारीक केले. एकदा मोकळा सोडला, तर आचार्यांच्या पोथीवरची लाकडी फळी कोपऱ्यातून खाऊन टाकली. पाठशाळेचा आचारी बाळंभट पोट धरून हसला. "पंडित, तुमच्याआधी यानेच ग्रंथ पचवला की!"

शिष्याला ते फार लागले. आचार्यांच्या पोथीला चोच लागली म्हणजे काय! त्याने गावातून गुळगुळीत पितळी गजांचा पिंजरा आणवला. आत बसायला घासून चकचकीत केलेली दांडी बसवली. पोवळ्याने पुन्हा काही फोडू-तोडू नये म्हणून खाणेही बदलले. पेरू द्यायचा तो बिया काढून, डाळ द्यायची ती बोटाने चिरडेल इतकी भिजवून, आणि सकाळ-संध्याकाळ साखर घातलेला दूधभात. कणीस, शेंगा, कवचाची फळे, काही म्हणून टणक उरले नाही.

पोवळ्या शांत झाला. शिष्याला वाटले, चांगले वळण लागले.

दोनेक महिन्यांत पोवळ्याची वरची चोच लांब दिसू लागली. टोक खाली वळून गळ्याकडे चालले. आता दुसऱ्या कुठल्या घरी कोणीतरी घाबरले असते. पण ही काव्य शिकणाऱ्यांची पाठशाळा. सुंदर नाकाला पोपटाच्या चोचीची उपमा द्यायची, हे तिथे सगळ्यांना तोंडपाठ होते. मग चोच जितकी बाकदार तितके सौंदर्य अधिक, हे ओघानेच आले. शिष्याने त्या वाढत्या चोचीवर चार ओळींचा श्लोक रचला. सहाध्यायांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, "पोवळ्याला पांडित्य चढलंय, दुसरं काही नाही." त्या आठवड्यात पोवळ्याने चार वेळा डाळीचा दाणा उचलला आणि चारही वेळा तो त्याच्या चोचीतून निसटला, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

ध्यानात आले ते बाळंभटाच्या. भांडी घासताना तो म्हणाला, "पंडित, याच्या चोचीपेक्षा याचे चोचलेच लांब झालेत! वाटी रोज अर्धी भरलेली परत येते."

शिष्याने वाटीतला भात आणखी मऊ केला.

मग एक दिवस त्याने पोवळ्याला हातात घेतले, आणि छातीचे हाड बोटाला टोचले. पिसांच्या आत पक्षी उरलाच नव्हता म्हणा ना. त्याच सुमारास व्यापाऱ्याचा निरोप आला: महिना-दीड महिन्यात पोहोचतो, मुलगी पोपटासाठी दिवस मोजते आहे.

शिष्य पोवळ्याला ओंजळीत घेऊन धावत बाळंभटाकडे गेला. "असाच देऊ" हा गुरूंचा शब्द होता, आणि तो त्याच्या ओंजळीत मरायला टेकला होता. बाळंभटाने कनवटीचा अडकित्ता काढला. "द्या इकडे. सुपारीसारखं टोक उडवतो, प्रश्न मिटला." शिष्याने डोळे घट्ट मिटून पोवळ्याला पुढे धरले.

"थांबा रे," मागून आचार्यांचा आवाज आला.

आचार्यांनी पक्ष्याला उन्हाकडे धरले. "हे बघा. टोकापासून थोडं वर तांबूस दिसतंय ना? ते रक्त. चोचीतही जीव असतो. अडकित्ता लागला असता तर हा तुमच्या हातातच गेला असता." मग त्यांनी पोवळ्याच्या नाकपुड्यांभोवती चुन्यासारखी खपली आहे का ते पाहिले, विष्ठा पाहिली, पोट चाचपले. "कधी कधी आतला रोग चोचीतून बोलतो. इथे तसं दिसत नाही. पण माझी नजर आता अधू आहे. नीट उतार पडला नाही, तर पलीकडच्या गावच्या पशुवैद्याला बोलवा. माझ्या भरवशावर बसू नका."

त्यांनी बारीक वाळूच्या दगडाने टोक अगदी थोडे घासले, आणि मग एक चमत्कारिक गोष्ट केली. आपल्या उजव्या पायातली आंब्याच्या लाकडाची जुनी खडाव काढली, चुलीजवळ नेऊन गरम पाण्याने खसाखसा धुतली, उन्हात ठेवली, आणि वाळल्यावर शिष्याच्या हातात देत म्हणाले, "ही पोवळ्याजवळ ठेव. आणि तो दूधभात बंद कर. मी तीन आठवडे प्रवचनाला चाललो आहे, आल्यावर बघू."

शिष्याच्या मनात प्रश्न उभा राहिला: खडाव कशाला? तो अगदी ओठांपर्यंत आला. पण अकरा वर्षांत तिथपर्यंत आलेले कितीतरी प्रश्न त्याने मागे परतवले होते, हाही परतला.

"आज्ञा," तो म्हणाला.

आचार्य एका पायात खडाव आणि एक पाय अनवाणी, असे लंगडत बैलगाडीपर्यंत गेले.

गाडी दिसेनाशी झाल्यावर शिष्याने खडाव कपाळाला लावली. गुरूंनी पायातली पादुका काढून दिली, केवढा हा प्रसाद! ती पिंजऱ्यात कशी ठेवायची? तिच्यावर घाण पडेल, आणि पोवळ्याचा जुना स्वभाव उसळला तर तो तिला चोचही लावेल. छे! त्याने एक पाट मांडला, त्यावर धूतवस्त्र, त्यावर खडाव. गंध लावले, फुले वाहिली, समई लावली. पिंजरा समोर अशा बेताने ठेवला की पोवळ्याला सदैव दर्शन घडावे. गुरूंनी जवळ ठेव म्हटले होते. जवळच ठेवली होती. दूधभातही बंद झाला. त्याऐवजी भाताची पेज.

सहाध्यायी येता-जाता नमस्कार करू लागले. बाळंभटाने एकदा विचारले, "गुरुजींना हेच म्हणायचं होतं, असं तुम्हाला नक्की वाटतं?"

"गुरूंच्या मनात काय होतं हे शोधायला जाऊ नये, बाळंभट. श्रद्धा ठेवावी."

"ठेवा बापडे," बाळंभट म्हणाला. "पण पोपट रोडावतोय."

तीन आठवड्यांनी आचार्य परतले. दारातूनच त्यांना पाट दिसला, समई दिसली, फुलांखालून डोकावणारी आपली खडाव दिसली. ते इतके हसले की त्यांना भिंतीला धरावे लागले. मग त्यांची नजर पिंजऱ्याकडे गेली आणि हसू जागच्या जागी थांबले. पोवळ्या दांडीवर अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून बसला होता. चोच पुन्हा वाढली होती, आणि पेजेची वाटी भरलेली होती.

"अरे," आचार्य हळूच म्हणाले, "ही पुजायला दिली नव्हती. कुरतडायला दिली होती."

शिष्य जागीच थिजला. "तुमची खडाव... पोपटाने कुरतडायची?"

"त्याला माझ्याशी काय करायचंय? त्याला लाकूड हवं होतं. तेल नाही, रंग नाही, झिजून मऊ झालेलं. माझ्याजवळ तेवढंच होतं. तुझ्या पितळी गजांवर त्याची चोच नुसती घसरते."

फुले बाजूला झाली. खडाव पुन्हा धुतली गेली. शिष्याने पोवळ्याला फडक्यात अलगद धरले, आचार्यांनी टोक घासले. अर्धे झाल्यावर पक्षी आपल्याकडे घेऊन दगड त्यांनी शिष्याच्या हाती दिला. मग पिंजऱ्यात खडाव टांगली गेली, सोबत सालीसकट कडुनिंबाची एक वाकडी फांदी आणि कोवळ्या दाण्यांचे आख्खे कणीस. पलीकडच्या गावच्या पशुवैद्यालाही निरोप गेला, तो आला, तपासून त्याने मान डोलावली, आणि एवढेच म्हणाला, "योग्य वाटेवर आहात. वेळ मात्र थोडा आहे."

पहिला दिवस पोवळ्या कोपऱ्यात बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने खडावेच्या खुंटीला चोच टेकवून पाहिली. शिष्य श्वास रोखून बसला होता. आपल्या गुरूंची पादुका, आणि हा तिच्यावर तुटून पडावा म्हणून आपण मनातल्या मनात हात जोडतो आहोत, हे त्याचे त्यालाच विचित्र वाटले. तिसऱ्या दिवशी सकाळी "कट्" असा आवाज झाला आणि लाकडाचा एक कपचा खाली पडला. बाळंभट स्वयंपाकघरातून ओरडला, "खाल्ली रे खाल्ली, गुरुजींची टाच खाल्ली!"

दहा दिवसांत कणसाचे दाणे सोलले जाऊ लागले. छातीचे हाड बोटाला टोचेनासे झाले.

त्याच सुमारास एका संध्याकाळी शिष्य आचार्यांच्या पायांशी बसला. "गुरुजी, मी एवढं प्रेम केलं त्याच्यावर. माझं कुठे चुकलं?"

आचार्य म्हणाले, "हे मी सांगतोय ते बरोबरच असेल असं नाही; तू तपासून घे. चोच ही नखासारखी, जन्मभर वाढतच असते. वाढणं हा तिचा दोष नाही. रोज काहीतरी कठीण समोर आलं की ती झिजते, आणि झिजते म्हणून कामाची राहते. तू त्याच्या वाटेतलं टणक ते ते सगळं काढून घेतलंस. प्रेमानेच घेतलंस, म्हणून तर ते कोणाला दिसलं नाही."

"आणि खडाव?"

"खडावेचं मला जास्त लागलं," आचार्य म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला. "मी तुला काहीतरी देतो, आणि तू ते पाटावर ठेवतोस. अकरा वर्षं मी जे जे शिकवलं, ते सगळं असंच फुलांखाली आहे की काय, अशी मला आता धास्ती वाटते. तू मला कधी एक प्रश्न विचारला नाहीस. म्हणजे तुझी बुद्धी वापरावाचून वाढत राहिली. आणि अरे, माझीही! मला कोणी अडवलंच नाही. माझ्या बोलण्याचं टोक किती वाकडं वाढलंय, हे मला कोण सांगणार होतं? आरशात चोच दिसते. बोलणं दिसत नाही."

शिष्याचे हात सवयीने जुळू लागले. अर्ध्यावर येऊन ते थांबले आणि त्याने ते मांडीवर ठेवले.

ठरल्या वेळी व्यापारी आला. मुलीने पिंजऱ्यात बोट घातले आणि पोवळ्याने ते कडकडून चावले. "आई गं! अगदी तसाच आहे!" ती आनंदाने ओरडली. शिष्याने तिला फांद्या, कणसे आणि घासण्याच्या दगडाची सगळी हकीगत सांगितली, चोचीवर रचलेल्या श्लोकाचीही लपवली नाही. व्यापारी हसत हसत पिंजरा घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी पाठ सुरू झाला. विषय दानाचा होता. आचार्यांनी वाक्य वाचले आणि नेहमीचा अर्थ सांगितला: "देणाऱ्याचा भाव शुद्ध असला, की दान सफळ झालं." पुढचे वाक्य वाचायला त्यांनी पान उलटले.

"गुरुजी."

सगळ्यांनी वळून पाहिले. शिष्य जागेवरून अर्धा उठला होता. "गुरुजी, हे मला पटत नाही. यात घेणाऱ्याला कोणी विचारलंच नाही."

शेजारचा सहाध्यायी त्याचे उपरणे ओढू लागला. आचार्यांनी उलटलेले पान परत मागे घेतले, त्या वाक्यावर बोट ठेवले आणि ते पुन्हा एकदा मनाशी वाचले. तीस वर्षे ते हाच अर्थ सांगत आले होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ दिसला, मग अवघडलेपण, आणि मग लहान मुलासारखी उत्सुकता, जी शिष्याने या अकरा वर्षांत कधी पाहिली नव्हती.

"हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं," ते म्हणाले. "इकडे ये, पुढे बस. पुन्हा एकदा सांग, सावकाश."

शिष्य पुढे सरकला. मागून आणखी कोणीतरी चाचरत म्हणाले, "गुरुजी, मलाही एक विचारायचं होतं." त्या दिवशी पाठ एका वाक्यापलीकडे गेला नाही. बाळंभटाने जेवायला दोनदा हाक मारली; कोणी उठले नाही.