तिखटभाजीचा वाफा

एका गावात मथुरा नावाची बाई राहत होती. कामाला वाघ, पण मूठ भारी घट्ट. दारी आलेल्या पाहुण्याला तिने एकदा उपाशी परत पाठवलं, त्यावरून तिचा एकुलता एक मुलगा भांडून घराबाहेर पडला. तो पुन्हा फिरकलाच नाही. मथुरा तोंडाने बोलत नसे, पण रोज संध्याकाळी वाटेकडे डोळे लावून बसे.

एका हिवाळ्यात मुलाने वाटसरूच्या हाती बियांची पुरचुंडी धाडली. परमुलखातली भाजी होती, अरुगुला नावाची. गावाला काही ते नाव म्हणता येईना, म्हणून सगळे तिला तिखटभाजी म्हणू लागले. वाटसरूने अंगणात उभं राहून निरोप सांगितला. थंडी सरता सरता मुलगा येईल, या कच्च्या पाल्यात कांदा, तेल, मीठ घालून केलेला आईच्या हातचा घोळाणा खाईल आणि मगच राहायचं की जायचं ते ठरवील. पाला मात्र मधला कोंब ठेवून सारखा कापत राहायचा, खायचा, वाटायचा. कुंपणापलीकडून शेजारच्या ठकूने हे सगळं ऐकलं.

मथुरेने वाफा करून बी पेरलं. रोपं दाट उगवली, तेव्हा तिने मधली मधली उपटली आणि ठकूच्या परसात फेकून दिली. कचरा शेजारी टाकायचा, ही तिची जुनी खोड!

वाफा हिरवागार झाला. ठकूची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, तिच्या तोंडाला चव नव्हती. ठकू मूठभर पाला मागायला आली. मथुरा म्हणाली, "माझ्या मुलाचा आहे तो. एक पान मिळायचं नाही."

ठकू रिकाम्या हाती परतली. मथुरेने स्वतःही पान तोडलं नाही. ऊन तापू लागलं, रोपांना उंच दांडे फुटले, त्यांवर फुलं आली. बाई खूश! भाजी कशी जोमात आहे, म्हणून कौतुकाने बघत राहिली.

आणि एका सकाळी निरोप आला, मुलाची गाडी वेशीपाशी पोचली. मथुरेने लगबगीने पाला खुडला आणि एक पान तोंडात टाकलं. कडूजहर! दुसरं पान तसंच, तिसरंही तसंच. मिठाच्या पाण्यात बुडवून पाहिलं, तरी कडू ते कडूच. बैलांच्या घुंगरांचा आवाज जवळ येत होता.

तेवढ्यात तिची नजर कुंपणापलीकडे गेली. शेवग्याच्या सावलीत तिखटभाजीचा कोवळा वाफा डुलत होता. तिनेच फेकलेली रोपं ठकूने लावली होती. ठकू पाला मागायला आली तेव्हा ती जेमतेम तगली होती; नंतर मात्र रोज कापून खाल्ली, म्हणून फुलावर गेली नव्हती. मथुरा कुंपणाशी गेली खरी, पण तिथेच थांबली. कोणत्या तोंडाने मागणार?

ठकूची लेक ओट्यावर बसली होती. तिने क्षणभर मथुरेकडे पाहिलं. मग म्हणाली, "काकू, आत या. लागेल तेवढा कापा. मधला कोंब तेवढा ठेवा, उद्या पुन्हा लागेल."

मथुरेला रडू कोसळलं.

मुलगा आला. गाडी दारात उभी केली, बैल मात्र जुंपलेलेच ठेवले. तो जेवायला बसला, घोळाणा चाखला आणि म्हणाला, "आई, उन्हातसुद्धा इतका कोवळा पाला? आपल्या परसातला?"

हो म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? मुलगा तिच्याकडे बघत राहिला.

"नाही रे," ती म्हणाली. "ठकूच्या परसातला. तिच्या लेकीला मी मूठभर दिला नाही. माझा सगळा कडू झाला."

मुलगा हातातला घास ठेवून उठला, बाहेर गेला. मथुरेने डोळे मिटून घेतले. आता चाकं वाजतील, असं तिला वाटलं.

पण तो लगेच आत आला. पुन्हा पानावर बसला आणि म्हणाला, "बैल सोडले. वाढ अजून."

तात्पर्य काय, तर जे वाटलं की पुन्हा फुटतं, ते राखून ठेवलं की कडू होतं. आणि कडू झालंच, तर ते कबूल करायला लाजू नये.